पाव फेरा

कारखान्यात तिला सगळे मावशी म्हणत. मालक तिच्याहून चांगले बारा वर्षांनी मोठे, पण तेही मावशीच म्हणत. सुरुवातीला तिनं त्यावर तोंड वाकडं केलं होतं; बावीस वर्षांत ते आपोआप सरळ झालं. कारखाना पितळी नळांचा. धातू वितळवून साच्यात ओतण्यापासून नळ खोक्यात भरण्यापर्यंत सगळं एकाच लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये चालायचं. एका टोकाला भट्टी आणि दुसऱ्या टोकाला मावशी. तिच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही नळ फाटकाबाहेर पडत नसे.

तिच्यासमोर काचेची मोठी पाण्याची टाकी होती. नळ हवेच्या नळीला जोडायचा, त्याचं तोंड बुचानं बंद करायचं, मूठ उघडी ठेवायची आणि पाण्यात बुडवायचा. बुडबुडा आला नाही तर पास. मुठीच्या बुडाशी बुडबुडा आला, तर आतल्या दांड्याच्या कडेनं हवा निसटतेय, म्हणजे उद्या तिथूनच पाणी निसटणार. असा नळ लाल खोक्यात टाकायचा आणि वहीत लिहायचा, असा नियम होता. लाल खोका होताही. त्यात मावशी आपला डबा आणि छत्री ठेवायची.

कारण मावशीपाशी पाव फेरा होता. नळाच्या मुठीखाली एक नट असतो, तो आतलं पॅकिंग दांड्याभोवती दाबून धरतो. बुडबुडा दिसला की मावशी पाना लावून तो नट पाव फेरा आवळायची. बुडबुडा गप्प. सगळं पाण्यातल्या पाण्यात, तीन सेकंदांत. ही युक्ती तिला आधीच्या टाकीवाल्यानं शिकवली होती आणि त्याला त्याच्या आधीच्यानं. ‘एवढ्याशा बुडबुड्यापायी कुणाच्या कामाला नावं कशाला ठेवायची?’ असं तो म्हणायचा, आणि मावशीला ते मनापासून पटलं होतं. नळांचे दांडे लेथवर टर्नरदादा बनवायचे. सरळमार्गी माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. लाल खोका भरला असता तर बोलणी त्यांनाच बसली असती. त्यापेक्षा पाव फेरा द्यावा आणि विषय संपवावा.

फाटकाजवळच्या फळ्यावर मालक दर महिन्याला स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहायचे, ‘नापास नळ : शून्य’. पाहुणा आला की त्याला आधी तो फळा दाखवायचे आणि मग चहा विचारायचे.

या शून्याला दृष्ट लागली ती एका पत्रानं. घरं बांधणारी एक मोठी कंपनी कारखान्याचे निम्मे नळ घ्यायची. तिनं लिहिलं होतं की तुमचे नळ आधी घट्ट होतात आणि वर्षभरात गळायला लागतात. लोक आमच्या नावानं खडे फोडतात. चार महिन्यांनी आमचा माणूस येऊन कारखाना बघेल. सुधारणा दिसली नाही तर आम्ही दुसरीकडे जाऊ. मालकांनी पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

"इकडे शून्य आणि तिकडे ढीगभर तक्रारी," ते म्हणाले. "कुठंतरी पाणी मुरतंय." नळाच्या कारखान्यात हे वाक्य ऐकूनही त्या दिवशी कुणी हसलं नाही. निम्मं काम गेलं तर निम्मी माणसं जाणार, हे हिशेब न येणाऱ्यालाही कळत होतं.

महिन्याभरात मालकांनी दोन गोष्टी आणल्या, एक मशीन आणि एक साहेब. साहेब तिशीतला, बारीक अंगाचा, खिशाला तीन पेनं. दारावर त्याच्या नावाखाली ‘गुणवत्ता व्यवस्थापक’ असं लिहिलं होतं, पण दुसऱ्याच दिवशी शेडनं त्याचं बारसं केलं, ‘का-साहेब’. तो कुणाला रागवायचा नाही, नुसतं ‘का’ विचारायचा. साच्याला उशीर झाला. का? कप्पी अडकली होती. का? तेल नव्हतं. का? असं पाच वेळा. भट्टीवाला म्हणायचा, पाचव्या ‘का’ला माणूस एकतर खरं बोलतो नाहीतर त्याला घाईची लागते.

त्यानं शेडमध्ये पिवळ्या रेघा मारल्या. माल कुठे ठेवायचा, माणसांनी कुठून चालायचं, सगळं ठरलं. हत्यारांच्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवून घेतली, म्हणजे काय जागेवर नाही ते लांबूनही दिसावं. प्रत्येक ट्रेमध्ये चिठ्ठी आली, दांडे कोणत्या लेथवर आणि कोणत्या दिवशी झाले त्याची. भिंतीवर एक मोठा पडदा लागला आणि त्यावर आकडे आपोआप चढायला लागले. "उद्या आपल्याभोवती पण रेघ मारेल," म्हणून लोक हसले. पण हरवलेला पाना शोधण्यात जाणारा अर्धा तास वाचायला लागला, तेव्हा हसणं जरा कमी झालं.

मशीन मावशीच्या वाट्याला आलं. नळ जबड्यात धरायचा, मशीन त्यात हवा भरणार आणि आठ सेकंद दाब बघणार. दाब टिकला तर हिरवा दिवा, उतरला तर लाल. पाणी नाही की बुडबुडा नाही. टाकी तूर्तास कोपऱ्यात सरकवली गेली. बावीस वर्षांत पहिल्यांदा मावशीचे हात दिवसभर कोरडे राहिले आणि चार दिवसांत त्यांना भेगा पडल्या.

पहिली सकाळ नुसत्या चाचणीची होती, आकडे धरायचे नव्हते. चाळीस नळांत अकरा लाल झाले. मावशीनं टर्नरदादांकडे पाहिलं. ते लांबूनच दिव्यांकडे बघत होते. का-साहेब जेवायला गेला तसा मावशीनं ॲप्रनच्या खिशातून पाना काढला आणि एका लाल नळाला पाव फेरा दिला. हिरवा. दुसऱ्याला दिला. तोही हिरवा. दुपारपर्यंत तिची पद्धत बसली. आधी प्रत्येक नळाला सरसकट पाव फेरा आणि मगच मशीन. संध्याकाळी पडद्यावर आकडा होता, पाचशे तपासले, नापास शून्य.

मालक इतके खूश झाले की त्यांनी सगळ्या शेडला चहा पाजला. का-साहेबाचा चहा मात्र तसाच निवला.

"चाळीसात अकरा होते, मावशी. मग पाचशेत एकही नाही?"

"तेव्हा मशीन नवं होतं ना, साहेब."

"का?" असं तो म्हणाला नाही. त्यानं वहीत शून्य लिहिलं आणि त्याच्याखाली रेघ मारली. ती रेघ मावशीला अजिबात आवडली नाही.

पुढच्या आठवड्यात त्यानं गिऱ्हाइकाकडून परत आलेले साठ नळ मागवले आणि दोन खोकी मावशीच्या टेबलावर आणून ठेवली. "नळ तुमच्याइतका इथे कुणाला कळत नाही. उघडून बघा आणि काय झालंय ते मला सांगा." टोमणा नव्हता त्यात, त्याला खरंच तसं वाटत होतं. तेच मावशीला जड गेलं.

तिनं पहिला नळ हातात घेतला. मुठीखालच्या नटाच्या एका कोपऱ्यावर नखानं ओरखडल्यासारखी बारीक खूण होती. दुसऱ्यावरही तीच. मावशीनं खिशातला पाना बाहेर काढला. पूर्वी कधीतरी तो फरशीवर पडला होता आणि त्याच्या जबड्याचा टवका उडाला होता. तिनं तो जबडा खुणेवर टेकवला. तंतोतंत बसला.

साठातल्या बावन्न नळांवर ती खूण होती. आत प्रत्येक ठिकाणी एकच कथा. दांड्यावर बारीक खरखरीत रेघा, आणि त्यांनी आवळलेलं पॅकिंग खाऊन टाकलेलं. आवळलेलं म्हणून नळ घट्ट, खाल्लेलं म्हणून गळका. तिनं इतकी वर्षं बुडबुडा मारला नव्हताच, नुसता वर्षभर पुढे ढकलला होता. मावशीला एकदम खूप लाज वाटली. इतक्या लोकांच्या घरात आपण सही करून ठेवली आहे, असं काहीतरी तिच्या मनात आलं.

"पॅकिंग खराब होतंय," एवढंच तिनं का-साहेबाला सांगितलं.

"का?"

"डोकं दुखतंय माझं," ती म्हणाली. सुट्टीची घंटा झाली म्हणून सुटली.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. नवरा दुसऱ्या पाळीला, मुलगी लग्न होऊन गेलेली. घरात सासूबाई होत्या, चौऱ्याहत्तर वर्षांच्या. एके काळी नऊ माणसांचं स्वयंपाकघर त्यांनी एकहाती चालवलं होतं, आणि ते कुणी विसरू नये याची त्या काळजी घ्यायच्या. पण तीन वर्षांपूर्वी त्यांचे हात गेले. म्हणजे असं त्याच म्हणत. आधी नळ उघडायला फडकं लागायला लागलं, मग भिंतीच्या खिळ्याला पक्कड आली. डॉक्टर म्हणाला, वय झालं. चोळायला तेल दिलं. मग एक दिवस त्यांनी विळी कोपऱ्यात उभी केली आणि सुनेला म्हणाल्या, "हातात जीव राहिला नाही माझ्या. आता तूच बघ सगळं." तेव्हापासून त्या खिडकीशी खुर्चीत बसून असायच्या, आणि त्यांच्या बोलण्यातलं मीठ हळूहळू कमी होत गेलं.

मावशी आत आली तेव्हा सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या. दोन्ही हातांत पक्कड धरून नळाशी झटत होत्या. प्यायला पाणी हवं होतं त्यांना.

"तुझ्या कंपनीचा नळ म्हणजे ना," त्या धापा टाकत म्हणाल्या, "मला वर पोचवून मगच उघडेल."

हा विनोद त्या तीन वर्षं करत होत्या आणि मावशी तीन वर्षं हसत होती. तीन वर्षांपूर्वी ओटा नवा केला तेव्हा नळ तिनंच कौतुकानं कारखान्यातून आणला होता, स्वतःच्या हातानं तपासलेला. तिला स्वतःला तो कधी घट्ट वाटला नाही. दिवसभर पाना फिरवणाऱ्या मनगटाला काय कळणार? आज ती वाकली आणि नटाच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तीच नखाच्या ओरखड्यासारखी खूण होती.

तिनं पेला भरून दिला, मग दोन तांबे भरून सासूबाईंच्या खुर्चीजवळ ठेवले. चांगला नळ निवडून आणणं काही अवघड नव्हतं. पण आणला की त्या विचारणार, आधीच्याला काय झालं होतं. त्याचं उत्तर द्यायची तिची छाती होईना. आधी कारखान्यात सांगू, मग घरी, असं तिनं ठरवलं. त्यातल्या त्यात कारखाना सोपा वाटला.

तोही सोपा नव्हताच. काम जाऊ शकत होतं. मशीन चालवायला शिकलेलं कुणीही पुरेसं होतं आणि टाकी तर कोपऱ्यात गेलीच होती. वर टर्नरदादांना न सांगता बोलणं बरं नव्हे, म्हणून सकाळी ती आधी लेथपाशी गेली.

"दादा, तुमचे दांडे खरखरीत येतात."

"बावीस वर्षांनी कळलं होय तुम्हाला?"

"पहिल्या दिवसापासून कळत होतं. मी झाकत होते."

टर्नरदादांनी लेथ बंद केला. त्यांना चढलेला राग मावशीनं आधी कधी पाहिला नव्हता. "मी म्हटलं होतं का झाकायला? मला वाटायचं माझ्या हातचा एक दांडा नापास होत नाही. घरी सांगायचो मी तसं! सांगितलं असतंत तर काहीतरी केलं असतं ना मी!" आपण यांच्यावर उपकार करतोय असंच मावशी इतके दिवस धरून चालली होती.

रोज दहा वाजता पडद्यासमोर उभ्या उभ्या बैठक व्हायची. त्या दिवशी मावशीनं सगळ्यांच्या देखत पाना टेबलावर ठेवला.

"ते शून्य माझं आहे," ती म्हणाली. मग पाव फेरा, बावन्न खुणा, मशीनला दिलेली हूल, सगळं सांगून टाकलं. मध्ये थांबली नाही.

मालक फळ्याकडे वळले. "म्हणजे त्या फळ्यावर मी इतकी वर्षं..."

"हो."

"तुम्हाला आत्ताच्या आत्ता घरी पाठवायला पाहिजे, मावशी!"

"पाठवा," मावशी म्हणाली. "पण आधी हे ऐकून घ्या. बुडबुडे रोज सारखे नसायचे. सोमवारी पाना माझ्या खिशात असतो. शुक्रवारी तो हातातून खाली ठेवता येत नाही."

का-साहेबानं टोपण लावलेलं पेन पुन्हा उघडलं. "शुक्रवारी जास्त? का?"

"टूल बोथट होतं," टर्नरदादा घुश्श्यातच म्हणाले. "आठवडाभर एकाच टूलनं दांडे कातायचे, मग काय होणार?"

"मधे बदलत का नाही?"

"स्टोअरमधून टूल सोमवारीच मिळतं."

"का?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी मालकच खाली मान घालून म्हणाले, "जुना स्टोअरवाला फक्त सोमवारी यायचा. म्हणून तेव्हा तसं ठरवलं होतं."

"आणि आता?"

"तो निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली."

आधी भट्टीवाला हसला, मग सगळी शेड. मालकही हसले, पण फार वेळ नाही. मावशीला घरी पाठवायचा विषय त्या दिवशी पुन्हा निघाला नाही. का-साहेबानं तिला फक्त एक सांगितलं, "आठवडाभर पाना माझ्याकडे राहू दे. नळ जसे आहेत तसे मशीनला दाखवा."

तो आठवडा वाईट गेला. सोमवारी शंभरात दोन लाल. मग पाच, तेरा, एकवीस, आणि शुक्रवारी चौतीस. पडद्यावर सरळ जिना दिसत होता. मावशीच्या हाताला सारखी पाना धरायची हुक्की येत होती. तिनं हात मागे बांधून ठेवले. लाल खोक्यातला डबा आणि छत्री निघाली आणि खोका पहिल्यांदा नळांनी भरला.

मग कामाला दिशा मिळाली. लेथवर मोजणी बसली. चारशे दांडे झाले की दिवा लागतो आणि टूल बदलायचं, वार कोणताही असो. टर्नरदादा प्रत्येक ट्रेमधल्या एका दांड्यावर स्वतःचं नख फिरवून बघायला लागले. मावशीशी ते अजून तुटकच बोलत होते, पण तिला बोलावून "बघा, लागतंय का?" असं विचारायचे. चौथ्या आठवड्यात शुक्रवारसुद्धा शंभरात तिनावर आला.

मावशीनं आणखी एक गोष्ट लावून धरली. नळ नुसता गळत नाही एवढं पुरे नाही, तो उघडायला किती जोर लागतो तेही मोजा. का-साहेबाला पटलं, जोर मोजायचा काटा आला. "मर्यादा किती ठेवायची?" त्यानं विचारलं. "तुमच्या हातानं ठरवू?"

"माझा हात नको," मावशी म्हणाली. "सत्तरीच्या बाईच्या हातानं ठरवा." का, ते तिनं सांगितलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही.

पुढच्या महिनाअखेर मालकांनी फळा पुसला आणि लिहिलं, ‘नापास नळ : तीनशे बारा’. अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं नाही. गिऱ्हाइकाचा माणूस आला, त्यानं चिठ्ठ्या बघितल्या, पडदा बघितला आणि फळ्यापाशी थांबला. "मागच्या वेळी इथे शून्य होतं," तो म्हणाला. "तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता." काम राहिलं. एका वर्षासाठीच, पण राहिलं. भट्टीवाल्यानं टाकी मासे पाळायला घरी नेली. मशीनवर दुसरी बाई आली आणि मावशीला परत आलेले नळ उघडून कारणं लिहायचं टेबल मिळालं. का-साहेबानं पाना तिला परत दिला. ‘घरी न्या, याची आकृती फळीवर रंगवायची नाही’ म्हणाला.

त्या रविवारी सकाळी मावशीनं त्याच पान्यानं घरचा जुना नळ काढला आणि नवा बसवला. हा तिनं निवडून आणला नव्हता. दुकानात जाऊन, आपल्या कारखान्याच्या नळांतला हाताला येईल तो उचलला होता. सासूबाई सवयीनं खिळ्यावरची पक्कड घेऊन आल्या.

"पक्कड राहू द्या, आई. हातानं उघडा."

त्यांनी दोन बोटं लावली आणि नेहमीचा जोर केला. पाणी धाडकन आलं आणि दोघींच्या अंगावर उडालं. सासूबाईंनी नळाकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे.

"नवा आहे म्हणून हलका असेल," त्या म्हणाल्या.

एक ‘हो’ म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता. मावशीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तोही पाव फेराच झाला असता.

"जुना मीच घट्ट करून आणला होता," ती म्हणाली. "गळू नये म्हणून. तुमच्या हातांना काही झालेलं नव्हतं, आई. मला कळलं त्यालाही नऊ आठवडे झाले. सांगायची हिंमत झाली नाही."

सासूबाईंनी नळ बंद केला. उघडला. पुन्हा बंद केला.

"म्हणजे माझे हात गेले नव्हते."

"नाही."

"तीन वर्षं मी खुर्चीत बसले."

"हो."

सासूबाईंनी पदराला हात पुसले, कोपऱ्यातली विळी आडवी केली आणि भाजीची पिशवी पुढे ओढली. "सरक तिथून," एवढंच म्हणाल्या.

पुढचे दोन दिवस त्या सुनेशी एक अक्षर बोलल्या नाहीत. स्वयंपाक मात्र दोन्ही दिवस त्यांनीच केला.